गवारीच्या शेंगा आणि पहिलं वर्ष

लोक मला विचारतात, बाई, तुम्ही मास्तरीण कशा झालात? त्यांना वाटतं, मी आता समाज, सेवा, असलं काहीतरी सांगीन. खरं सांगायचं तर मी मास्तरीण झाले ती पाट चुकवण्यासाठी.

आम्हा माळ्यांत विधवेचं दुसरं लग्न होतं, त्याला पाट लावणं म्हणतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझ्या मावशीचा पाट लागला आणि ती पहिल्या घरापेक्षा दुसऱ्या घरी जास्त सुखात नांदली. माझ्यासाठी बापानं शोधलेला माणूस चांदूर रेल्वे या गावचा होता. त्याचा संत्र्यांचा बगीचा होता, पोटी लहान लेकरं होती आणि स्वभावानं तो गरीब होता असं सगळेच म्हणत. मलाही ते पटत होतं. पण मला तो नको होता, कोणीच नको होता, आणि 'नको' एवढं कारण त्या काळी कोणी ऐकून घेत नसे.

नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. तो मराठी सातवी पास झालेला, अमरावतीच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापसाचं वजन लिहायला जायचा. मी लग्न होऊन हिवरखेडहून वलगावला आले तेव्हा मराठी चौथी पास होते, आणि त्या चौथीचा मला भारी तोरा होता. तो तोरा त्यानं पहिल्याच आठवड्यात उतरवला. 'चौथीवर काय मिरवतेस, पाचवीचं पुस्तक वाचून दाखव,' म्हणाला. मी हट्टानं वाचलं. मग सहावीचं वाचलं. पुढं रोज दिवेलागणीला तो जिनातून आला की आम्ही दोघं गणितं करत बसायचो. सासू चुलीपाशी बसून ऐकायची आणि मधूनच भाकरी थापटण्याचा आवाज उगाच मोठा करायची. व्यवहारी अपूर्णांक संपवून आम्ही दशांश सुरू करणार होतो. त्याच आठवड्यात त्याला ताप भरला.

त्याच्यामागं घरात आम्ही दोघीच उरलो. सासू बोलायला तिखट, चालायला भरभर, आणि कोणाचं उपकाराचं बोलणं सहन न करणारी. मळ्यातली भाजी डोक्यावर घेऊन रोज अमरावतीला जायची. मी तिला आत्याबाई म्हणत असे. एक दिवस बाजारातून आली ती टोपली खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली.

"ऐक वं. तथी त्या नार्मल शाळेत मी वांगे द्याले जातो नं, तिथची स्वयंपाकीन सांगत होती. बायाईले मास्तरीन करतेत म्हने. राह्याले जागा, जेवन, अन् वरतून सरकार वेतन देते."

"त्याला सातवी पास लागते, आत्याबाई."

"नाई लागत. परीक्षा घेतेत अन् मंग पाह्यतेत, कोनाले कोन्या वर्गात बसवाचं. तुले त्यानं शिकवलं नाई का? का नुसती चूल थंडी होऊ देत होते दोघं?"

अशी बाई. मुलगा जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि त्याचं नाव निघालं की ती असंच काहीतरी बोलायची. आधी मला राग यायचा. नंतर कळलं की तिला रडायला येत नसे म्हणून ती चिडायची.

मी चौकशी केली. बाईंची नार्मल शाळा, म्हणजे मास्तरणी तयार करण्याची शाळा, तिथं दोन वर्षांचा अभ्यास होता. सातवी पास बाई असेल तर ती थेट पहिल्या वर्षात बसे. बाकीच्यांची एक दिवस परीक्षा व्हायची: वाचन, शुद्धलेखन, गणित, आणि शेवटी तिथल्याच सराव शाळेतल्या मुलांना एक पाठ शिकवून दाखवायचा. ज्यांना जमेल त्या पहिल्या वर्षात. ज्यांचं कच्चं दिसेल त्या तयारीच्या वर्गात. तयारीच्या वर्गाला सरकारी वेतन नव्हतं, बोर्डिंगचा खर्च घरून करावा लागे आणि तो वर्ग एका वर्षात संपेल याची कोणी हमी देत नसे. आमच्या घरून तो खर्च होण्यासारखा नव्हता. त्यामुळं माझ्यापुरता हिशेब सरळ होता. पहिल्या वर्षात बसवलं तर मी सुटले, तयारीत बसवलं तर चांदूर रेल्वे.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी वलगावहून पायीच निघालो. सासूच्या डोक्यावर गवारीच्या शेंगांची टोपली होती. परीक्षेला सून चालली म्हणून एक दिवसाचा बाजार बुडवणाऱ्यातली ती नव्हती. मी आत जाणार आणि ती फाटकाशी बसून विकणार, असं ठरलं. माझ्या काखेत पाटी होती आणि मी इतकी घाबरले होते की पेढी नदी कधी ओलांडली ते मला कळलं नाही.

आत आम्ही बऱ्याच जणी होतो. माझ्या शेजारी अकोल्याच्या एका रंगाऱ्याची मुलगी बसली होती. मुसलमानाची मुलगी मराठी नार्मलात कशी, असं मला वाटलं आणि मी ते तोंडावर विचारलंही. ती म्हणाली, "उर्दूवाली नार्मल दूर पडती है, बहन. और मराठी तो मैं गलीच में सीखी." तिचं वाचन ऐकून मी खजील झाले. इतकं स्वच्छ मराठी आमच्या हिवरखेडच्या मास्तरांनासुद्धा वाचता येत नव्हतं.

वाचन माझंही बरं झालं. शुद्धलेखन झालं. मग गणिताचा कागद आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वरची गणितं मी भराभर सोडवली: त्रैराशिक, व्याज, व्यवहारी अपूर्णांक. खालची सगळी दशांशांची होती. आकडे ओळखीचे, मध्ये एक टिंब, आणि त्या टिंबाचं काय करायचं ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी तिथं काहीच लिहिलं नाही. अंदाजानं खरडण्यापेक्षा कोरं बरं, असं माझं तेव्हाही मत होतं. कागद देऊन बाहेर आले आणि व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिले. मला नवऱ्याचा राग आला, अगदी खरा राग, की अजून पंधरवडाभर थांबला असता तर त्याचं काय बिघडलं असतं.

शाळेच्या मोठ्या बाई पुण्याच्या होत्या. पांढरं लुगडं, नाकावर चष्मा, आणि बोलणं इतकं मोजूनमापून की त्यांनी 'बसा' म्हटलं तरी आपलं काहीतरी चुकलंय असं वाटे. पाठाचे विषय त्या ऐन वेळी सांगत. अकोलेवालीला त्यांनी नदीवर पाठ घ्यायला सांगितला. ती बिचारी मुलांसमोर उभी राहिली आणि तिची दातखीळच बसली. इतकं सुंदर वाचणारी मुलगी, पण चाळीस डोळे आपल्याकडे लागल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना. मुलं आधी हसली, मग आपसांत बोलायला लागली. तिनं पदर तोंडाला लावला आणि येऊन माझ्याशेजारी बसली.

मग माझा नंबर. "इयत्ता दुसरी. वजने. शेर, पावशेर, छटाक," मोठ्या बाई म्हणाल्या. भिंतीवर एक तक्ता टांगलेला होता, त्यावर कोष्टक लिहिलेलं. आधीच्या एका बाईनं तशाच दुसऱ्या तक्त्यावर छडी आपटून पाठ घेतला होता आणि मुलं जांभया देत होती. मी तक्त्याकडं पाहिलं आणि फाटकाकडं पाहिलं.

"बाई, मी तागडी आणू का? माझी सासू बाहेर बसली आहे."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. 'नको' म्हणण्यासारखं काही त्यांना सापडलं नसावं. मी धावत फाटकाशी गेले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. भाजीवाली आपली तागडी दुसऱ्याच्या हाती देत नाही. दोरी ओढली गेली, दांडी जराशी वाकली तर तोल बिघडतो, आणि हिचा तोल खोटा आहे अशी बाजारात एकदा कुजबूज झाली की गिऱ्हाईक फिरकत नाही. सुनेलाही द्यायची ती स्वतःच्या नजरेसमोर. म्हणून मी तागडी, वजनं आणि टोपली घेऊन वर्गात गेले, तेव्हा सासू माझ्यामागून आली आणि वर्गाच्या खिडकीबाहेर व्हरांड्यात उभी राहिली. मोठ्या बाई तिच्याकडं बघत होत्या. ती तागडीकडं बघत होती.

तागडी पाहून मुलं जागी झाली. मी ती खुंटीला अडकवली आणि एकेकाला पुढं बोलावलं. एका पारड्यात शेराचं वजन, दुसऱ्यात पावशेराची वजनं. एक ठेवलं, हलली नाही. दोन ठेवली, हलली नाही. चौथं ठेवल्यावर दांडी सरळ झाली तेव्हा पोरं बाकांवर उभी राहिली. मग छटाक. पावशेराला चार, शेराला सोळा. कोणालाच पाठ करावं लागलं नाही, सगळ्यांनी आपल्या हातानं ठेवून पाहिलं. मला भीती वाटायची थांबली होती. आता शेवटी शेरभर गवार तोलून दाखवावी म्हणून मी टोपलीत हात घातला.

शेंगा पारड्यात पडत गेल्या, दांडी सरळ झाली. "झाला बरोबर एक शेर," मी म्हटलं, आणि माझ्या हातानं आणखी मूठभर शेंगा उचलून पारड्यात टाकल्या.

मी टाकल्या नाहीत, हातानं टाकल्या. काटा बरोबर झाला की वर मूठभर टाकायची, ही आमच्या बाजाराची रीत. नुसतं बरोबर तोलणारीला चिंगूस म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून दारावरच्या गिऱ्हाइकाला मीही तोलून देत असे, माझा हात त्या मुठीला सरावलेला होता. पारडं धाडकन खाली गेलं.

पुढच्या रांगेतली दात पडलेली एक मुलगी ओरडली, "बाई, आता शेर नाही राहिला!"

सगळा वर्ग ओरडला, "नाही राहिला! नाही राहिला!"

मोठ्या बाईंची पेन्सिल कागदावर फिरली. माझी पाचावर धारण बसली. चूक झाली, ती निस्तरावी म्हणून मी घाईघाईनं ती मूठ पारड्यातून काढून टोपलीत टाकली. तर खिडकीतून आवाज आला.

"काहून वं? काहून काढून राहिली? देल्लेलं वापस घेते का कोनी? लोक नाव ठेवतीन नं आपल्याले!"

वर्गात जो हशा पिकला तो सांगता सोय नाही. अकोलेवालीसुद्धा रडता रडता हसायला लागली. मोठ्या बाई उभ्या राहिल्या. माझं डोकं सरकलं. माझं डोकं सरकलं की मी कोणासमोर आहे ते मला कळत नाही, हा माझा जन्माचा स्वभाव आहे.

"आत्याबाई, मी इथी गिऱ्हाईक करून नाई राहिली! मी शाळा घेऊन राहिली! तुमी चूप बसा!"

वर्ग चिडीचूप झाला. सुनेनं सासूला असं बोललेलं त्या पोरांनी बहुतेक पाहिलं नव्हतं. सासू तर माझ्याकडं बघतच राहिली. आणि त्या शांततेत मला एकदम दिसलं की आता सगळी पोरं माझ्याकडं बघताहेत, एकही जांभई देत नाही. मी ती मूठ पुन्हा टोपलीतून काढली.

"आता सांगा, ही मूठ किती?"

कोणी म्हणालं पावशेर, कोणी म्हणालं छटाक. "अंदाज नको, तोला," मी म्हटलं. दात पडलेलीनं तोललं. बरोबर छटाक भरली. "म्हणजे ही आजी शेराच्या गिऱ्हाइकाला काय देते?" "शेर अन् वर छटाक!" "आणि अशी सोळा गिऱ्हाइकं आली तर वरचं किती गेलं?"

थोडा वेळ बोटं मोजली गेली. मग मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "बाई, एक शेर. आजीचा पुरा एक शेर गेला!"

खिडकीत सासूनं तोंडावर हात ठेवला. "शेर? माय वं! रोजचा?"

"रोजचा," सगळी पोरं म्हणाली.

तिनं पदर सावरला. आणि मग ठसक्यात म्हणाली, "पन त्याच्यानंच गिऱ्हाईक येते नं!"

"ते या गणितात नाई येत, आत्याबाई," मी म्हटलं, आणि घंटा झाली.

मोठ्या बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. माझा गणिताचा कागद त्यांच्यासमोर होता.

"दशांश अपूर्णांक एकही सोडवला नाहीत."

"शिकवणारा त्याच्या आधी गेला, बाई."

 त्यांनी कागद बाजूला सरकवला. "आणि वर्गात हे कसले बोलणे? शाळा घेऊन राहिली, चूप बसा... मुलांसमोर असे बोलतात?"

"ती मुलं घरी तसंच बोलतात, बाई."

हे मी उद्धटपणे म्हटलं. म्हणून झाल्यावर मला वाटलं, संपलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "आज तागडी होती, सासूबाई होत्या, मुले हसली. गंमत पाहून मुले नेहमीच हसतात. उद्या सकाळी या. त्याच मुलांना मी विचारीन. त्यांच्या डोक्यात काही राहिले असेल तर पाहू."

परत जाताना सासू टोपली घेऊन माझ्यापुढं चार पावलं चालत होती.  तिला मी पोरांसमोर चूप बस म्हटलं होतं आणि आमच्यात त्यावर अजून काही झालं नव्हतं. घरी पोचलो तर ओसरीवर माझा बाप बसलेला. हिवरखेडहून आला होता. चांदूरची माणसं दोन दिवसांत बोलणी करायला येणार, म्हणून मला न्यायला आला होता.

"पोरी, मी काई जुलूम करून नाई राहिलो," तो म्हणाला. "मी आज हाओ, उद्या नाई. मंग तुले कोन पाह्यीन?"

त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. तो माझ्या काळजीनं इतक्या लांब आला होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण सासू आधी बोलली.

"इवाई, उद्या दुपारलोक थांबा. उद्या तिचा निकाल हाये. तिले तयारीत बसवलं तं घेऊन जा, मी आडवी येनार नाई. पयल्या वर्षात बसवलं तं मंग तुमी तिचं नाव काढाचं नाई." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "अन् तू. मले चूप बस म्हने. बेस आवाज हाये तुहा. मास्तरनीले आवाज पाह्यजेच." एवढं बोलून ती चुलीकडं गेली. मला हसू आलं आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बाप आणि सासू फाटकाशी थांबले. मला दुसरीच्या वर्गात भिंतीला लागून उभं केलं, आणि काही बोलायचं नाही, खूण करायची नाही, असं बजावलं. मोठ्या बाई पुढं उभ्या राहिल्या.

"काल वजनांचा पाठ झाला. कोष्टक कोण म्हणेल?"

कोणी हात वर केला नाही.

"शेराचे कोष्टक. म्हणा."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.  त्यांना येत होतं, मला माहीत होतं. पण काल आम्ही काहीच म्हटलं नव्हतं, आम्ही नुसतं तोललं होतं. कोष्टक म्हणजे एका सुरात म्हणायचं असतं, ते त्यांना कोणी दिलंच नव्हतं. आणि मला बोलायची बंदी होती. मी पदराचं टोक मुठीत इतकं आवळून धरलं होतं की बोटं दुखायला लागली. मला चांदूर रेल्वेचं स्टेशन डोळ्यांसमोर दिसलं, खरंच दिसलं.

मोठ्या बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. कागद हातात घेतला, आणि पुन्हा खाली ठेवला. त्या माणूस म्हणून न्यायी होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांना वाटलं असतं तर तिथंच निकाल लावून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी त्या जराशा खाकरल्या आणि म्हणाल्या,

"बरे. कालच्या त्या आजीबाई. त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक आले. त्याने अर्धा शेर गवार मागितली. आजीबाईंनी वर—"

"छटाक टाकली!" दोघंतिघं ओरडले.

"हो. तर गिऱ्हाइकाला एकूण किती मिळाले?"

सगळे हात वर. खरोखर सगळे. बाकांवर गुडघे टेकून पोरं हात हलवत होती. दात पडलेलीनं थांबून न राहता सांगून टाकलं, "नऊ छटाक!" आणि मागच्या बाकावरचा तो मुलगा म्हणाला, "बाई, पण आजीचं नुकसान झालं!"

मग मोठ्या बाईंना काय झालं कोण जाणे, त्या विचारतच गेल्या. पाऊण शेर मागितली तर किती, दोन गिऱ्हाइकं आली तर किती. पोरं सांगत गेली. एकदा तर त्यांनी चुकीचं उत्तर बरोबर धरलं म्हणून पोरांनीच त्यांना अडवलं, आणि त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि मान्य केलं. शेवटी त्या माझ्याकडं वळल्या. चष्म्यामागं त्यांचे डोळे हसत होते. मी तोपर्यंत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"सोमवारी सामान घेऊन बोर्डिंगात या. पहिल्या वर्षात बसा. दशांश दिवाळीच्या आत यायला हवेत, नाहीतर मी स्वतः उचलून तयारीत नेऊन बसवीन. आणि वर्गात सासूबाईंना आणायचे नाही."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी पडले नाही. पडले असते तर मला रडू आवरलं नसतं, आणि पोरं बघत होती. मी फक्त "हो बाई" म्हटलं. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही, हे त्या बिचाऱ्याची माफी मागून सांगते.

अकोलेवालीला तयारीत बसवलं. ती व्हरांड्यात भेटली. मला वाटलं, आता हिच्याशी काय बोलावं? तर तीच म्हणाली, "मेरा क्या है, अब्बा साल भर और पढ़ा देंगे. तुझे दशांश मैं सिखाती, तू मुझे चिल्लाना सिखा." आणि तसंच झालं. तयारीच्या वर्गातली मुलगी पहिल्या वर्षातलीला कडुनिंबाखाली बसून दशांश शिकवायची आणि मी तिला रिकाम्या वर्गात उभी करून, मोठ्यानं बोल, अजून मोठ्यानं, असं ओरडायचे. परीक्षेनं आम्हाला दोन खोल्यांत बसवलं, हे आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. दिवाळीच्या आत मला दशांश आले. पुढं आम्ही दोघींनी अकोल्याला एकाच शाळेत नोकरी केली आणि तिच्या वर्गाचा आवाज माझ्या वर्गात ऐकू यायचा.

पण त्या सकाळी मी फाटकाकडं धावले. बाप उठून उभा राहिला. सासू उठली नाही, टोपलीपाशी बसून राहिली, फक्त तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"पयल्या वर्षात," मी म्हटलं. घाईत माझंही तेच बोलणं आलं. "पयल्या वर्षात बसवलं!"

 बापानं पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा नीट बांधलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चांदूरवाल्याईले मी सांगतो," म्हणाला, "की पोरगी सरकारी शाळेत मास्तरीन होऊन राहिली." त्याच्या आवाजात वाईट वाटल्याचं काही नव्हतं. उलट छाती जरा पुढं आली होती. आम्ही त्याला स्टेशनवर सोडायला निघालो, तेव्हा वाटेत भेटलेल्या एका अनोळखी टांगेवाल्यालाही त्यानं ते सांगितलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

तो गेल्यावर आम्ही दोघी बाजारातून निघालो. मला वाटलं होतं, सासू आता सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलत सुटेल. पण ती टोपली डोक्यावर घेऊन भरभर चालत राहिली. किराणा, कापड, पुस्तकं, लोहार अशी दुकानं मागं पडली. मग पुढं बघतच तिनं विचारलं,

"मले कोन्या वर्गात बसवतीन वं ती बाई?"

मला वाटलं, थट्टा करते आहे. मीही थट्टेनं म्हटलं, "तुम्हाले? बिगरीत. एकदम खालच्या वर्गात, धुळाक्षरं काढाले."

ती हसली नाही. चालायची थांबली.

"पन बसवतीन नं?"

रोज दिवेलागणीला चुलीपाशी बसून ती दोन वर्षं आमच्या दोघांचं शिकणं ऐकत होती. ती काय ऐकत होती, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.  मी मागं वळले, पुस्तकांच्या दुकानात गेले आणि तिच्याच बटव्यातल्या पैशांनी एक पाटी आणि लेखणी घेतली. तिनं नको म्हटलं नाही. पाटी माझ्या हातातून घेतली, कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि पदराखाली धरून वलगावपर्यंत तशीच नेली.